बर्फाच्या भेगेत अडकलेली गाडी बाहेर काढतात कशी?

एक जुना फोटो आहे. केशरी रंगाची एक मोठी गाडी बर्फाच्या भेगेवर अडकली आहे. तिला चाकं नाहीत, चार कोपऱ्यांना चार पाय आहेत, त्यांच्यावर रणगाड्यासारखे फिरणारे पट्टे. गाडीचा मागचा भाग कसाबसा काठावर टेकलाय आणि पुढचे पाय खाली लोंबकळताहेत. त्यांच्याखाली जे आहे ते फोटोत नीट दिसत नाही, नुसता काळोख. गाडीचं नाव ‘रॉक अँड रोल’. १९५७ साली व्हिव्हियन फुक्स यांची ब्रिटिश राष्ट्रकुल मोहीम अंटार्क्टिका खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायला निघाली, तेव्हाची ही गोष्ट. फुक्स आणि डेव्हिड स्ट्रॅटन याच गाडीत होते.

हा फोटो पाहिला की आपल्या मनात पहिला विचार येतो तो दोर बांधून ओढण्याचा. पावसाळ्यात शेतात ट्रॅक्टर रुतला की आपण तेच करतो. बांधावरच्या बाभळीला साखळी लावायची, दुसरा ट्रॅक्टर जोडायचा, चाकाखाली दगड आणि फांद्या टाकायच्या, चारजणांनी खांदा द्यायचा. यातली प्रत्येक गोष्ट एका गृहीतावर उभी आहे: गाडी रुतली असली तरी आजूबाजूची जमीन पक्की आहे. अंटार्क्टिकात नेमकं हेच नसतं. बाभूळ नाही, दगड नाही, आणि मदतीला आलेली दुसरी गाडी जिथे उभी आहे त्याखालीही तशीच भेग असू शकते. म्हणून तिथल्या कामात ओढणं अगदी शेवटी येतं. त्याआधीचे कित्येक तास पाय ठेवायला जागा शोधण्यात आणि नसेल तर ती तयार करण्यात जातात. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, त्यामुळे लेखाचा बराचसा भाग त्यावरच खर्च करणार आहे.

भेग पडते कशी, आणि दिसत का नाही

ध्रुवावरचा बर्फ स्थिर नसतो. स्वतःच्या वजनाने तो समुद्राकडे सरकत असतो, कुठे वर्षाला काही मीटर, कुठे शेकडो मीटर. खोलवरचा बर्फ प्रचंड दाबाखाली असतो, त्यामुळे तो न तुटता घट्ट मधासारखा हळूहळू वाहतो. वरचा थर मात्र ठिसूळ असतो. खालच्या खडकाचा उंचवटा आला, उतार बदलला किंवा शेजारचा प्रवाह जास्त वेगाने जाऊ लागला, की वरच्या थराला ताण बसतो आणि तो फाटतो. ही फट म्हणजे क्रेव्हास, आपल्या भाषेत हिमभेग. साधारण तीस-चाळीस मीटर खोलीपर्यंत ती उघडी राहते, कडाक्याच्या थंडीच्या बर्फात त्याहूनही खोल जाते.

उघडी भेग दिसते आणि दिसली की टाळता येते. खरा धोका झाकलेल्या भेगेचा. वारा भुरभुरीत बर्फ वाहून आणतो, तो दोन्ही काठांवर साचत पुढे वाढत जातो आणि एक दिवस मधोमध जुळतो. वरून सगळं सपाट, पांढरं, एकसंध. याला बर्फाचा पूल म्हणतात. कधी तो घराच्या उंचीइतका जाड असतो, कधी हातभर. ढगाळ दिवशी तर सावलीच पडत नाही, त्यामुळे पुलाच्या जागी असलेली किंचित खोलगट रेघसुद्धा डोळ्याला कळत नाही.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. या गाड्यांना रुंद पट्टे असतात, त्यांचा जमिनीवरचा दाब माणसाच्या पावलापेक्षाही कमी असतो, मग त्या पूल मोडून खाली कशा जातात? पहिला भाग अगदी खरा आहे. सात-आठ टनांची गाडी आपलं वजन इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरते की एका चौरस सेंटीमीटरवर जेमतेम शंभर ग्रॅम येतात. चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाखाली याच्या तीन-चारपट दाब असतो. म्हणून माणूस गुडघ्यापर्यंत रुततो तिथे गाडी वरून निघून जाते. पण रुतणं वेगळं आणि पूल मोडणं वेगळं. आपल्याकडे सिमेंटच्या पत्र्यावर चढताना आधी फळी टाकतात. फळीमुळे पाय आरपार जात नाही. पण पत्र्याखालचा वासाच कुजला असेल तर फळी काय करणार? बर्फाच्या पुलाचंही तसंच. दाब कितीही पसरला तरी एकूण आठ टन त्या दोन काठांनाच पेलायचे असतात. पूल बहुतेक वेळा काठाजवळ तुटतो आणि गाडीचं तोंड किंवा शेपूट एकदम खाली जातं.

आधी माणसं

पहिल्या काही मिनिटांतला नियम कडक आहे: उडी मारायची नाही. गाडी जिथे अडकली आहे तिथला पूल अर्धा मोडलेला असतो. दार उघडून घाईने पाय टाकला तर तो उरलेल्या अर्ध्यावर पडतो. आत आहात तिथे स्थिर राहायचं, इंजिन बंद करायचं, रेडिओवर कळवायचं. इंजिन बंद करण्याला आणखीही कारण आहे. गाडी फार कलली की तेलाच्या पंपाला तेलाऐवजी हवा मिळू लागते आणि इंजिन काही क्षणांत खराब होऊ शकतं. शिवाय घाबरून पट्टे पुढे-मागे फिरवले तर ते शिल्लक पूलच कुरतडून टाकतात.

बाहेरचे लोक धावत जवळ येत नाहीत. ते लांबवर अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, लावतात, स्वतःला दोर बांधतात आणि मगच पुढे सरकतात. गाडीतल्या माणसाकडे दोराचं टोक जातं, तो आपल्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या सुरक्षा-पट्ट्याला, लावतो, दोर ताणला जातो, आणि त्यानंतर तो छतावरच्या झडपेतून किंवा दारातून बाहेर येतो. म्हणूनच भेगांच्या भागात गाडी चालवताना हार्नेस अंगावरच ठेवायची पद्धत आहे. सह्याद्रीत कड्यावर काम करणाऱ्या आपल्या बचाव पथकांतल्या कुणालाही यातली शिस्त ओळखीची वाटेल.

सळईने वाचलेली जमीन

माणसं सुखरूप बाहेर आली की गाडीची घाई संपते, आणि ती संपायलाच हवी. आता सुरू होतं चाचपणीचं काम.

हातात एक लांब धातूची सळई. दोराला बांधलेला माणूस एक पाऊल टाकण्याआधी ती बर्फात सरळ खुपसतो. वरचा भुरभुरीत थर सहज जातो. मग वाऱ्याने दाबलेला कडक पापुद्रा लागतो, तिथे जोर लावावा लागतो. त्याखाली पुन्हा मऊ, पुन्हा घट्ट. हे असं थराथराने लागत गेलं तर ठीक. पण कधी कधी जोर लावता लावता हात एकदम सैल पडतो आणि सळई मुठीपर्यंत खाली जाते. खाली काहीच नाही. तिथे झेंडा लागतो. एक पाऊल डावीकडे, पुन्हा सळई. असं करत करत भेगेचा काठ, तिची दिशा, रुंदी, आणि तिला समांतर दुसरी भेग आहे का, हे सगळं झेंड्यांनी बर्फावर उमटतं. भेगा सहसा एकट्या नसतात, ओळीने असतात. ओढणाऱ्या गाड्या कुठे उभ्या करायच्या हे या नकाशावरूनच ठरतं.

गाडीच्या मागे स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी सामानगाडी, असेल तर ती लगेच सोडायची नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं. सामानाने लादलेली ती स्लेज कधी कधी गाडीला धरून ठेवणारं एकमेव वजन असते. आधी गाडी दुसऱ्या दोराने बांधायची, मगच स्लेजची जोडणी काढायची.

झाड नाही, दगड नाही, मग दोर बांधायचा कशाला?

या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आता येतो. बर्फात अँकर करण्यासाठी बर्फच वापरतात.

गाडीपासून पुरेशा अंतरावर, चाचपलेल्या पक्क्या जागी, भेगेला समांतर असा एक चर खणतात. माणसाला धरायचं असेल तर गुडघाभर खोली चालते, गाडीसाठी कमरेइतकी किंवा जास्त. चरात एक जाड लाकडी ओंडका आडवा ठेवतात. ओंडका नसेल तर स्की, फळ्यांचा जुडगा, मिळेल ते लांब आणि मजबूत सामान. ओंडक्याच्या मधोमध पट्टा गुंडाळतात. आता या चराच्या मध्यापासून गाडीच्या दिशेने एक अरुंद खाच कापायची, इंग्रजी टी अक्षराच्या दांडीसारखी. पट्टा या खाचेतून बाहेर येतो. खाच अशी उतरती कापायची की ताण आल्यावर ओंडका पुढच्या बर्फाच्या भिंतीवर सपाट दाबला जाईल. खाच कमी खोल झाली तर पट्टा ओंडक्याला वर उचलतो आणि अख्खा अँकर मुळासकट उपटल्यासारखा बाहेर येतो. समोरच्या त्या भिंतीला मात्र फावडं किंवा बूट लावायचा नाही. सगळा भार तीच पेलणार असते, तिला तडा गेला की खेळ संपला.

मग चर बुजवायचा, बर्फ तुडवायचा, आणि थांबायचं. थांबणं हा इथे कामाचाच भाग आहे. फावड्याने फोडलेल्या बर्फाचे कण एकमेकांना टेकले की त्यांच्या स्पर्शाच्या जागी हळूहळू नवे सांधे तयार होतात. बर्फ वितळतही नाही, तरी जुळतो. काल सैल टाकलेला ढीग आज फावड्याला दाद देत नाही, तो यामुळेच. काही तासांत बुजवलेला चर भोवतालच्या बर्फापेक्षाही टणक होऊ शकतो. फक्त थंडी जितकी कडक तितकं हे सांधणं सावकाश होतं, म्हणून उणे तीस अंशात जास्त धीर धरावा लागतो. वारा वाढत असताना, इंजिन गोठत चाललेलं असताना, आठ-दहा थकलेल्या माणसांनी बर्फ घट्ट होण्याची वाट पाहत बसायचं, याला जी मनाची ताकद लागते ती मला दोर ओढण्याच्या ताकदीपेक्षा मोठी वाटते.

एका अँकरवर सगळं सोपवत नाहीत. दोन-तीन अँकर करून भार वाटतात. ओढणाऱ्या गाडीला बर्फ लोटायचं पातं असेल तर ते बर्फात रुतवून तिलाच अँकर करता येतं.

शेवटी ओढणं

आता हिशेब. आठ टनांची गाडी पंचेचाळीस अंशांत कललेली असेल, तर नुसतं वजन वर खेचायला साडेपाच टनांहून जास्त ओढ लागते. त्यात पट्ट्यांचं घर्षण आणि काठाशी गोळा होणारा बर्फ मिळवा. पुली लावून विंचवरचा, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्रावरचा, भार निम्मा करता येतो, पण पुली कुठे लावली हे बघावं लागतं. अडकलेल्या गाडीवर पुली लावून दोराचं टोक अँकरला परत आणलं, तर विंच आणि अँकर दोघांना अर्धा-अर्धा भार येतो. तीच पुली अँकरवर लावून दोर उलटा वळवला, तर अँकरवर ओढीच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. कागदावर दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, बर्फात मात्र एक टिकतं आणि दुसरं उपटतं.

दुसरा शत्रू म्हणजे काठ. ताणलेला दोर बर्फाच्या काठात सुरीसारखा उतरतो. मग गाडी वर येण्याऐवजी काठाच्या आत, भिंतीत खेचली जाते. म्हणून दोराखाली फळी किंवा जाड लाकूड आडवं ठेवतात, आणि काठ फावड्यांनी तासून उतार करतात. कित्येकदा खणण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. भेग अरुंद असेल तर बुलडोझरने बर्फ लोटून ती खालून भरत आणायची, म्हणजे गाडीला बुड टेकायला जागा मिळते.

तिसरी गोष्ट, एकाच दिशेने ओढत नाहीत. गाडी सुटताना लंबकासारखी झुलते, आडवी फिरते. मागून ओढणारा एक दोर, बाजूने फक्त धरून ठेवणारा दुसरा, आणि नाक खाली जाऊ नये म्हणून काही तरी आधार. ओढ संथ, इंचाइंचाने. हिसका अजिबात नाही. थंडीत पोलाद ठिसूळ होतं, घरी वर्षानुवर्षं टिकलेला हुक इथे काचेसारखा तुटू शकतो. तुटलेली तार ज्या वेगाने परत येते तिच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही, म्हणून ओढताना सगळे लांब आणि बाजूला असतात. हातवारे करून सूचना देणारा माणूस एकच.

वेळही निवडावी लागते. अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तरी ‘रात्री’ तो क्षितिजाजवळ असतो, तेव्हा पारा उतरतो आणि बर्फाचे पूल कडक होतात. जोखमीची कामं शक्य तर तेव्हा करतात.

फुक्स यांच्या मंडळींकडे भेगा शोधणारं रडार नव्हतं, पण त्यांनी सोबत अ‍ॅल्युमिनियमचे छोटे पूल आणले होते. लटकलेल्या पट्ट्यांना खालून या पुलांचा आधार द्यायचा आणि मग बाकीच्या गाड्यांनी ओढायचं, असा त्यांचा मार्ग होता. डेव्हिड प्रॅट आणि रॉय होमार्ड हे दोन इंजिनिअर यात मुख्य. ‘रॉक अँड रोल’ ही टकर कंपनीची स्नो-कॅट जातीची गाडी, तिची रचनाही मदतीला आली. चार कोपऱ्यांचे चार पट्टे आपापल्या आसावर वेगवेगळे हलतात, त्यामुळे पुढचे दोन पाय हवेत गेले तरी मागच्यांची पकड सुटत नाही. २४ नोव्हेंबर १९५७ ला शॅकल्टन तळावरून निघालेला हा ताफा १९ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. तिथे त्याच्या आधी पंधरा दिवस, ४ जानेवारीला, एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी शेतात वापरतात तसे फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्या बाजूने येऊन गेले होते. २ मार्चला फुक्स खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या स्कॉट तळावर पोचले. ९९ दिवस, सुमारे ३,४७३ किलोमीटर. वाटेत काही लहान गाड्या सोडून द्याव्या लागल्या, चारही स्नो-कॅट मात्र शेवटपर्यंत आल्या, ‘रॉक अँड रोल’सुद्धा.

सगळे इतके नशीबवान नव्हते

नोव्हेंबर १९५९ मध्ये अंटार्क्टिकातल्याच केप सेल्बोर्नजवळ न्यूझीलंडच्या पथकाची स्नो-कॅट सुमारे तीस मीटर खोल भेगेत कोसळली आणि लेफ्टनंट टॉम कूझन्स यांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर १९६५ मध्ये ब्रिटनच्या हॅली बे तळावरून निघालेला मस्केग हा पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर असाच भेगेत गेला. जेरेमी बेली, डेव्हिड वाइल्ड आणि जॉन विल्सन हे तिघे त्यात गेले. बेली हे रेडिओलहरी बर्फात सोडून त्याची जाडी मोजण्याचं काम करत होते, तेव्हा ते तंत्र अगदी नवं होतं. पुढे त्याच तत्त्वावरचं जमीनभेदी रडार गाडीपुढच्या भेगा शोधू लागलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

गाडी इतकी खोल गेली असेल तर ती काढायचा हट्ट धरत नाहीत. लोखंडासाठी आणखी एक माणूस भेगेत उतरवायचा नाही, हे ठरलेलं. पण आज ‘सोडून दिली’ म्हणूनही चालत नाही. १९९१ च्या माद्रिद करारानुसार अंटार्क्टिकात आपण आणलेला कचरा, इंधन, तेल यांची जबाबदारी आपलीच. भारतानेही २०२२ मध्ये यासाठी स्वतःचा कायदा केला. म्हणून अडकलेल्या गाडीतलं डिझेल आणि तेल शक्य तितक्या लवकर उपसून घेणं हे बचावाच्या कामातच धरतात.

आता बरीचशी लढाई गाडी पडण्याआधीच लढली जाते. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळापासून दक्षिण ध्रुवापर्यंत सुमारे सोळाशे किलोमीटरची बर्फवाट आहे. तिच्या सुरुवातीलाच दोन हिमपट्टे वेगवेगळ्या वेगाने एकमेकांना घासतात आणि भेगांचं जाळं तयार होतं. तिथे पुढच्या गाडीच्या नाकासमोर लांब दांडीवर रडारचा अँटेना बसवून, पायी चालण्याच्या वेगाने जातात. पडद्यावर बर्फाचे थर वहीतल्या रेघांसारखे सरळ दिसतात. रेघा मधेच वाकल्या किंवा तुटल्या की गाडी थांबते. सापडलेल्या भेगेचा पूल स्फोटाने पाडून ती बर्फाने भरून टाकतात. आणि तरीही २२ ऑक्टोबर २०१६ रोजी याच पट्ट्याचा अभ्यास करणारे हिमनदीतज्ज्ञ गॉर्डन हॅमिल्टन यांची स्नोमोबाइल सुमारे तीस मीटर भेगेत पडली आणि ते गेले.

आपला या सगळ्याशी संबंध दूरचा नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आजही या मोहिमा चालवतं. भारताचा मैत्री तळ बर्फाच्या काठापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. जहाजातून उतरवलेलं इंधन आणि रसद पट्ट्यांवर चालणाऱ्या पिस्टनबुली गाड्या स्लेजवर ओढून तिथे नेतात, बर्फावरून. मोहिमेवर जाणाऱ्यांना आधी उत्तराखंडमधल्या औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावरचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात दोर, अँकर आणि भेगेतून माणूस वर काढणं हे सगळं येतं.

गाडी वर आली, इंजिन गरम करून सुरू झालं, की अँकर खणून काढतात. टणक झालेल्या बर्फातून तो ओंडका सोडवायलाही कुदळ लागते. भोकाभोवती झेंडे लावतात आणि जागेची नोंद करतात. पुढच्या वर्षी मात्र ती नोंद जशीच्या तशी वापरता येत नाही. बर्फ सरकलेला असतो, भेग त्याच्याबरोबर पुढे गेलेली असते, आणि त्या झेंड्यांची रांगही. मग पुन्हा सळई घेऊन पहिल्या पावलापासून सुरुवात करावी लागते.